तिच्या घरी माहीत आहे का?

माझ्या धाकट्या बहिणीला हरायला आम्ही शिकवलं, आणि तेही भरल्या दुकानात, दिवाळीच्या गर्दीत. असं सरळ लिहिलं की हात अडखळतो. पण वळसे घेत बोलण्यात माझी अर्धी हयात गेली, आता तेवढा दम राहिला नाही.

वर्ध्याला आमचं रेडिओ, टीव्ही आणि घड्याळांचं दुकान होतं. राहायला पिपरी मेघेला. तेव्हा तिकडे घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. मी दहावीच्या आसपास असेन, बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्या सुमारास बाबांनी नागपूरहून टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम विकायला आणले. एक राखाडी डबा, वायरीचे दोन रिमोट, आणि वरच्या खाचेत बसवायची जाडजूड कॅसेट. चित्र नाही आलं की कॅसेट काढायची, तोंडाने फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. गॅरंटीपेक्षा त्या फुंकरीवर आमचा जास्त भरवसा होता.

दिवाळीच्या तोंडावर बाबा दुकानाच्या दर्शनी भागात एक टीव्ही लावत आणि त्यासमोर बहिणीला बसवत. मला नाही. मी खेळताना दिसलो की गिऱ्हाईक म्हणायचं, पोट्टे असेच वाया जातात. ती खेळताना दिसली की तोच माणूस थांबायचा.

"पाहा भाऊ, एवढीशी पोरगी खेळून राह्यली," बाबा म्हणायचे. "तुमच्या पोराले काय जड जाईन?"

मग गिऱ्हाइकाचा पोरगा दुसरा रिमोट घेऊन बसायचा. पहिल्याच दिवशी तिनं सेलूकडच्या एका पोराला असं हरवलं की तो रडायला लागला. त्याच्या बापानं त्याला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. बाबा रागावले नाहीत. तिला जवळ घेऊन समजावून सांगितलं, "माय, आपल्याले जिंकाचं नसते. आपल्याले विकाचं असते. त्याचा पोरगा हरला तर तो मशीन घरी नेईन का?"

तिनं थोडा विचार केला आणि मान हलवली. ती हुशार होती, फार लवकर शिकली. आधी पोराला दमवायची, बरोबरीत आणायची आणि अगदी शेवटच्या उडीला चुकायची. चुकल्यावर कपाळावर हात मारायची. पोरगा खुश, बाप खुश, डबा पॅक. मी काउंटरमागे घड्याळांचे सेल बदलत हे पाहायचो आणि मला बहिणीचं कौतुक वाटायचं. त्यात वावगं काही आहे असं तेव्हा एकदाही मनात आलं नाही.

रविवारी घरी आम्ही दोघं खेळायचो. आमच्याकडे एक कॅसेट होती. त्यात एक वीर जंगल, नदी, गुहा पार करत जातो आणि मनोऱ्यावर कोंडलेल्या राजकन्येला सोडवतो. सगळी उन्हाळ्याची सुटी आम्ही त्या मनोऱ्यापर्यंत पोचण्यात घालवली. शेवटची चाल माझी होती. राजकन्या खाली आली, दोघं शेजारी उभे राहिले, इंग्रजीत काहीतरी अक्षरं आली आणि पडदा काळा झाला.

"बस?" बहीण म्हणाली. "मंग ही इतके दिवस वर काय करून राह्यली होती?"

"वाट पाहून राह्यली होती."

"मागून जिना होता दादा. मी पाह्यला."

"राजकन्या आहे ते. ते अशी नाई उतरत."

"काऊन?"

"गेम तसाच असते," मी म्हणालो. मोठा भाऊ होतो, काहीतरी उत्तर देणं भाग होतं.

पुढे तिचं दुकानात बसणं बंद झालं. कोणी बंदी घातली नाही. एका दिवाळीला टीव्हीसमोर मी बसलो आणि ती घरी आईसोबत चकल्या तळत होती, इतकंच. आमच्याकडे मोठे निर्णय असेच होत, बोलल्याशिवाय.

ती बारावी झाली तेव्हा दुकानात कॉम्प्युटर जोडून विकायला सुरुवात झाली होती. एक घरीही आला. दुपारची कामं आटोपली की ती त्यावर एक साहसाचा खेळ खेळायची. कुठल्याशा सीडीत तो फुकट आला होता. त्यातली नायिका तिच्याच वयाची एक मुलगी होती. बंदराच्या गावात राहणारी, आखूड पँट घातलेली, कमरेला दोर बांधलेली. तिला होडी घेऊन दूरची बेटं शोधायला जायचं असतं. पण होडीच्या आधी घर लागायचं. आजोबा, काकू आणि मोठा भाऊ, तिघांनी हो म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही. प्रत्येकाशी बोलताना तीन वाक्यं समोर यायची, त्यातलं एक निवडायचं. चुकीचं निवडलं की दुसरा दिवस उजाडायचा आणि ती पोरगी पुन्हा त्याच खुर्चीत बसलेली असायची.

आई मेथी निवडत मागे येऊन बसली. तिनं आधी त्या मुलीचे कपडे पाहिले, मग तिचा दोर पाहिला आणि विचारलं, "काय व, हे कुठं चालली? हिच्या घरी माहीत आहे का?"

"तेच तर सांगाचं आहे आई. घरचे हो म्हणत नाईत. कितीदा झालं, मी इथंच अडकून राह्यली."

आईला इंग्रजी येत नव्हतं. बहीण एकेक वाक्य आमच्या बोलीत करून सांगायला लागली. आईनं मेथीची ताटली बाजूला ठेवली.

"तो म्हातारा आता काय करून राह्यला?"

"जाळं विणून राह्यला."

"मंग त्याले आता कायले विचारते? हातात काम असलं की माणूस नाईच म्हणते. होऊ दे त्याचं. अन् पहिले काही खायले दे त्याले."

बहिणीनं खेळातल्या स्वयंपाकघरातला पाव उचलून आजोबांना दिला. आजोबांनी तो खाल्ला, जाळं बाजूला ठेवलं आणि मान डोलावली. दोघी एकदम ओरडल्या. मी जेवायला घरी आलो होतो, तो दारातच थांबलो. आई टाळ्या वाजवत होती. आरतीखेरीज आईला टाळ्या वाजवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"काकूले कसं?"

"तिचं काही नाई. तिले म्हणा, तुमच्यासारखं कोणाले जमन? ते हो म्हणून जाईन."

"अन् भाऊ?"

आईनं पडद्यावरच्या भावाकडे नीट पाहिलं. "भावाले हिनं विचारूच नाई. आजोबाकडून विचारवून घे. पोट्ट्यांले बहिणीनं विचारलेलं आवडत नाई, बापानं विचारलेलं आवडते."

हेही बरोबर निघालं. होडी सुटली. त्या खेळाच्या कर्त्यानं वर्ध्याच्या एका बाईला विचारून तो बनवला असावा, असं मला वाटलं. मी हसलो. त्या दिवसापासून रोज दुपारी दोघी बेटं शोधायच्या. आई एकटी कधी बाजाराच्या पुढे गेली नव्हती, पण कुठल्या गुहेत डावीकडे वळायचं ते तिच्या पक्कं लक्षात राहायचं.

त्याच दिवसांत बहिणीच्या मनानं घेतलं की आपल्याला हेच शिकायचं. "हे समुद्र, हे घरं, हे पोरगी, कोणीतरी बसून काढलं असन न दादा?" ती मला म्हणाली. पुण्याला कॉम्प्युटरवर हलती चित्रं काढायला शिकवणारी एक संस्था होती, मुलींचं होस्टेलही होतं. तिनं माहिती मागवली. घरात विचारताना आईचीच पद्धत वापरली. रविवारचं जेवण झालं, बाबांची झोप झाली, चहा झाला, मग तिनं सांगितलं. बाबा नाही म्हणाले नाहीत. "पाहतो," म्हणाले. आमच्या घरात "पाहतो" याचा अर्थ होता, मुलाला विचारतो.

मी बी.कॉम. होऊन नुकताच पूर्ण वेळ दुकानात लागलो होतो. आणि आता तो दिवस येतो, जो मी कित्येक वर्षं बायकोलाही सांगितला नव्हता.

दुपारी जेवायला घरी गेलो. ओसरीत चपला काढत होतो. आतून आईचा आवाज आला, "जिंक व बाई आता मनसोक्त. समोर गिऱ्हाईक नाई, अन् दादाबी नाई."

बहीण हसली. "दादासमोर हराले लय मेहनत लागे आई. गिऱ्हाईकाचे पोट्टे तर लवकर खुश होत. त्याले संशय येत होता."

"मंग काय करतीस? हरला की जेवत नव्हता तो."

दोघींच्या आवाजात कसलाही दुष्टावा नव्हता. उलट माया होती, एखाद्या लहान लेकराबद्दल बोलावं तशी. तीच मला सोसली नाही. मनोऱ्यावरची ती शेवटची चाल माझी नव्हतीच, तिनं मला दिली होती. सगळी सुटी, सगळे रविवार, मी जिंकलेलं सगळं तिनं दिलेलं होतं. मी चपला पुन्हा पायात घातल्या आणि न जेवता दुकानात परत गेलो. बाबांना सांगितलं, जेवून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना बाबांनी एका गजराच्या घड्याळाची पाठ उघडली आणि त्यातच पाहत विचारलं, "तुले काय वाटते? पोरीले पुण्याले पाठवाव का?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. "चित्र काढून कोणाचं पोट भरते बाबा? अन् तिकडे एकटी राह्यली तर उद्या सोयरिकीले लोक दहा गोष्टी विचारतीन. इथंच कॉलेज करू द्या."

हे सगळं ऐकायला समजूतदारपणाचं होतं. त्यातला एक शब्दही मी मनापासून बोललो नव्हतो. मला फक्त तिला एकदा खरोखर हरवायचं होतं.

बाबा "हं" म्हणाले आणि घड्याळाची पाठ लावली. संध्याकाळी घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "पुण्याचं नाई जमत." माझं नाव घेतलं नाही. बहिणीनं आमच्यासमोर डोळ्यातून पाणी काढलं नाही. ताटं घेतली, पाणी वाढलं. आई मान खाली घालून भाकरी थापत राहिली. मी नेहमीसारखा जेवलो. भाजी चांगली झाली आहे असंही म्हणालो. हे मला अजून आठवतं आणि आठवलं की स्वतःची शिसारी येते.

तिनं वर्ध्यालाच बी.कॉम. केलं. पुढे कारंज्याला, हायवेवर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेल्या घरी तिचं लग्न झालं. लग्नात मी इतकी धावपळ केली की घसा बसला. नातेवाईक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी पंगतीत वाढत राहिलो, थांबलो असतो तर कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावं लागलं असतं.

बोलायचं मी टाळत आलो, आणखीही टाळलं असतं. पण एकदा तिच्याकडे गेलो तेव्हा माझी भाची कॉम्प्युटरवर खेळत होती. पहिलीत असेल. खेळ सुरू होण्याआधी मुलगा हवा की मुलगी ते निवडायचं होतं. तिनं मुलगा निवडला.

"काऊन व, मुलगी घे न," मी म्हणालो. "तिच्याजवळ तर धनुष्य बी आहे."

"मुलगी घेतली की आजोबा मागून विचारते, हे काय घातलं हिनं, हे एकटी कुठं चालली," तिनं पडद्यावरची नजर न काढता सांगितलं. "मुलगा घेतला की कोणी काही नाई विचारत. मंग मले खेळता येते."

बहीण स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. "शहाणी आहे," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला ओळखीचं वाटलं, त्या दुपारी ओसरीतून ऐकलेलं. मी उठून आत गेलो आणि ओट्याजवळ उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ओसरीतलं ऐकलेलं, घड्याळ, माझं उत्तर, माझा राग.

ती वरणाला फोडणी देत होती. गॅस बंद केला.

"म्हणजे बाबा नाई म्हणाले नव्हते."

"नाई."

"अन् मी इतके वर्षं त्यांच्याशी नीट बोलत नाई, दादा. फोनवर दोन शब्द बोलते अन् आईले द्या म्हणते." तिनं पदरानं हात पुसले. "आईनं तर त्याहून जास्त केलं. तुले दिसलं नाई का?"

मला दिसलं नव्हतं.

"आता मोकळं वाटून राह्यलं का तुले?"

"नाई."

"मंग अर्धच झालं. घरी जाऊन सांग. दोघाईले, समोरासमोर." मग तिनं ताट घेतलं. "पण जेवून जाजो."

वाढताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पोळीवर तूप मात्र नेहमीसारखंच घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबा ओसरीत चहा घेत बसले होते तेव्हा मी सांगितलं. बाबा कपातल्या चहाकडे पाहत राहिले. आईनं आपला कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे वळली.

"अहो, मी त्या दिवसापासून चतुर्थीले तुमच्यासोबत केळझरच्या गणपतीले आली नाई."

"तुझे गुडघे दुखत होते न?"

"गुडघे कुठं दुखत होते! मी तुमच्यावर नाराज होती."

"इतके वर्षं?" बाबा खरोखर चकित झाले. "मले तर काही समजलंच नाई. मी तुझ्यासाठी तेल आणत राह्यलो."

आईच्या तोंडावर एकाच वेळी हसू आणि रडू आलं. ते तेल ती मुकाट्यानं पायांना लावत असे.

मग बाबा माझ्याशी बोलले. "मी तुले काऊन विचारलं होतं, माहीत आहे का? मले वाटलं, तू हो म्हणशीन. पोरीले पाठवाचं मनात होतं माझ्या. पण एकट्यानं हो म्हणाले भेव वाटत होतं. कोणी सोबत पायजे होतं मले." ते रागानं बोलले असते तर मी झेललं असतं. ते तसे बोलले नाहीत.

"तुमचं दोघांचंच कशाले," आई म्हणाली. "मी तरी कुठं तोंड उघडलं? गेमातल्या म्हाताऱ्याले कसं मनवाचं ते शिकवत बसली. घरातल्या माणसाले एक शब्द नाई बोलली." तिनं हात पुढे केला. "फोन लाव तिले."

मी लावून दिला. आईनं कसं आहे, काय आहे, काहीच विचारलं नाही. "काय व, अजून शिकाचं आहे का तुले?"

पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. बहीण म्हणाली, "आई, माझी पोरगी शाळेत जाते आता."

"ते मी नाई विचारलं."

रस्त्यावरून एक ट्रक गेल्याचा आवाज फोनमधून आला. मग ती हळू म्हणाली, "आहे."

"पोरीले मी पाहीन. येऊन राहीन तिथं."

"दादाले दे."

मी फोन कानाला लावला. ती म्हणाली, "माझ्या सासऱ्यांले तू विचारजो. बाबा नाई, आमच्या यांच्याकडून बी नाई, तू. परवा येजो."

मी गेलो. तिचे सासरे दुकानात गिऱ्हाइकाला बेअरिंग दाखवत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबावं असं वाटलं. मग वाटलं, थांबलो तर बोलणार नाही. तिथंच विचारलं. नागपूरला कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा शनिवार-रविवारचा क्लास आहे, तिला शिकायचं आहे, आई येऊन राहील. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"एवढ्यासाठी तुम्ही स्वतः आले?"

"एकदा तिनं विचारलं होतं, तेव्हा मी नाई म्हटलं होतं," मी म्हणालो. बेअरिंग घ्यायला आलेला माणूसही ऐकत होता. "माझ्यामुळे तिचं राहून गेलं."

सासरे काही वेळ हातातली बेअरिंग फिरवत राहिले. "मंग आता आमच्या नाई म्हणाले जागा कुठं ठेवली तुम्ही?" ते म्हणाले, आणि सुनेला हाक मारली.

ती दीड-दोन वर्षं एसटीनं नागपूरला जात होती. खेळ बनवणाऱ्या कंपनीत ती लागली नाही, ते शिक्षण आणि ते वय दोन्ही मागे पडलं होतं. आज कारंज्यात तिचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. कामाला दोन मुली आहेत आणि लग्नसराईत तिला फोन उचलायला फुरसत नसते. गणपतीच्या दिवसांत गावातले अर्धे फलक तिनं काढलेले असतात. चांगलं चाललं आहे.

तिनं मला माफ केलं का, ते ती कधी म्हणाली नाही. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मधली ती वर्षं तिची होती आणि ती मी घेतली. ती माझ्याशी छान बोलते. परवा फोन करून म्हणाली, दादा, आंबे आले असतील तर पाठव, आणि फोन आईला दे.